काचेकडची बाजू

सयाजीदादांच्या फाउंड्रीत स्टेनलेस स्टीलचे कोळी तयार होत. कोळी म्हणजे चार पाय पसरलेला, दोन तळहातांवर मावेल एवढा भाग. मोठ्या इमारतींच्या दर्शनी भिंतीत चौकटीशिवाय काचा बसवायच्या, तर चार काचांचे चार कोपरे असा एक कोळी धरून ठेवतो. तो कोल्हापुरात ओतायचा, घासायचा, चकचकीत करायचा, खोक्यात भरायचा आणि मुंबईला धाडायचा. पुढे त्याचं काय होतं, हे फाउंड्रीतल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत मुंबईहून पत्र आलं. लोअर परळच्या एका साठ मजली इमारतीत, तळमजल्याच्या काचेच्या भिंतीतल्या कोळ्यांवर तीन-तीन ठिपके दिसत होते. कुणीतरी खोडसाळपणा केलाय असं तिथल्या लोकांचं मत होतं. येऊन ठिपके घालवा आणि ते कसे आले याचा लेखी खुलासा द्या, असा मजकूर.

सयाजीदादांनी पत्र संयोगितापुढे आपटलं. ती पदार्थविज्ञानात एम. एस्सी. होऊन सहा महिन्यांपूर्वी तपासणी खात्यात लागली होती. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, अशी तिची खोड.

"तू जा. बयाआक्काला सोबत घे, ती पॉलिश मारंल. आणि ठिपके मारणारा कोण ते अहवालात नावानिशी लिही. सोमवारपासनं तो गेटच्या भाईर!"

बयाआक्का घासाई विभागातली सगळ्यात जुनी बाई. माहेर कुरुंदवाडचं, आवाज तालमीतला. गुरुवारी सकाळी नऊच्या गाडीला ती पिशवीत हातग्राइंडर, दहा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन हजर होती. कराडच्या पुढं गाडी चहाला थांबली, तशी ती कप फुंकत म्हणाली, "पोरी, तुला एक सांगतो. त्ये ठिपकं म्याच मारल्यात."

संयोगिताला ठसका लागला. "आक्का, हे मला कशाला सांगितलंत?"

"मग काय, तितं जाऊन शोधत बसणार हुतीस? तेवढाच तुजा येळ वाचला."

"अहो, दादा काय म्हणाले ऐकलंत ना? मला नाव लिहावं लागणार."

"लिही की. नाव काय कुणाचं उसनं आणलंय व्हय?" आक्का म्हणाली खरी, पण चहा तिने तसाच खाली ठेवला. "सव्वीस वर्सं झाली फाउंड्रीत. घरी बसून करू काय? सुनंच्या हाताखाली लसूण सोलू?"

"पण मारले कशाला?"

"घासून झाला की नग दोरीला टांगायचा आन् हातोडीनं हळूच टिचकी द्यायची. घंटीवानी वाजला की चांगला. बद्द वाजला की समजायचं, कुटंतरी चिरलाय. चांगला वाजला त्यालाच पंच म्हंजी टोकदार सळी ठोकून तीन ठिपकं. न्हायतर वाजवलेला कुटला आन् राहिलेला कुटला, कळायचं कसं?"

"बरं, पण दिसणाऱ्या बाजूला?"

"दिसणाऱ्या?" आक्काचा आवाज चढला, तसं शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी वळून पाहिलं. "सुपरवायझर म्हणालता, ही बाजू पॅनलला टेकणार. टेकणार म्हंजी झाकणार! झाकती बाजू बगूनच मारलं मी. पॅनल काचंचं असतंय ह्ये कुणाच्या बानं सांगितलंतं?"

संयोगिताला हसू आवरेना. नकाशावर खरंच 'पॅनेल बाजू' एवढंच लिहिलेलं असे. काच हा शब्द कुठेच नव्हता. खुलाशाचं पहिलं वाक्य आयतं मिळालं होतं, पण दुसऱ्या वाक्यात आक्काचं काम जात होतं. पुढचे पाच तास ती खिडकीतून बाहेर बघत त्या दुसऱ्या वाक्याशी झटापट करत राहिली. आक्का मात्र भाकरी खाऊन गाढ झोपली.

मुंबईत पोचून राहण्याच्या जागी पिशव्या टाकेपर्यंत साडेचार झाले. राजवीर नावाचे इमारतीचे इंजिनियर फोनवर म्हणाले, सातनंतर या, तोवर लॉबीत गर्दी असते. मधले अडीच तास मोकळे होते. संयोगिताने गळ्यात कॅमेरा अडकवला. कळंब्याच्या तळ्यावर पक्षी टिपायला म्हणून तिने तो जुना विकत घेतला होता, लांब पल्ल्याच्या लेन्ससकट.

"चला आक्का, फिरून येऊ."

"चल की. सगळ्यांचं फोटू काड. आमच्या बायका म्हणाल्यात, आपला माल कुटं ऱ्हातोय तेवडं बगून या."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे होते. कुठे जुन्या गिरणीची चिमणी तशीच ठेवून तिच्या मागे चाळीस मजले चढवलेले, तर कुठे अर्धवट इमारतीच्या डोक्यावर क्रेन बगळ्यासारखी मान काढून बसलेली. खालून कॅमेरा वर केला की इमारती टोकाशी एकमेकींकडे झुकलेल्या दिसत. संयोगिता रस्ता ओलांडून लांब जाई, फूटपाथच्या कठड्याला कोपर टेकवी, श्वास रोखी आणि मग बटण दाबी. आक्का कंबरेवर हात ठेवून मजले मोजत होती.

"तेहतीस, चौतीस... थू, चुकलं. हे उसाच्या कांड्यांसारखं हाय बग. कांडी मोजायला जावं तर मान मोडती."

"एक मजला साधारण साडेतीन मीटर धरा. साठ मजले म्हणजे दोनशे दहा मीटर."

"आणि वाऱ्यात हलत न्हाय?"

"हलतो की. वरच्या टोकाला वीतभर तरी."

"आन् माणसं वर झोपत्यात?"

"झोपतात."

"म्हंजी पाळणाच की!" आक्का खूश झाली. "काड, पाळण्याचा एक फोटू काड. मला खाली उभा कर."

खाली आक्का आणि मागे टॉवर अख्खा घ्यायचा, तर संयोगिताला रस्त्यावर उकिडवं बसावं लागलं. आक्का पदर सावरून पहारेकऱ्यासारखी ताठ उभी राहिली. एका टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. "दिसत न्हाय व्हय रं, फोटू चाललाय?" आक्का ओरडली, आणि तो बिचारा खरंच थांबला.

असं करत त्या दोघी सहाच्या सुमारास त्या साठ मजली इमारतीसमोर पोचल्या. तळमजल्याची काचेची भिंत चांगली तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. आत कोळ्यांच्या चार ओळी, एका ओळीत बारा. आक्काने हात जोडले, मग एकदम काढून घेतले. "आयला, देव समजून हात जोडलं की मी!"

ठिपके मात्र दिसेनात. संयोगिताने लेन्स पूर्ण ताणली, एकेक कोळी जवळ आणून पाहिला. नुसती चकाकी.

"ओ मॅडम, इथं फोटो अलाऊड नाय," वॉचमन धावत आला.

आक्काने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुटलं पावणं तुमी?"

तो गोंधळला. मग आवाज उतरवून म्हणाला, "गारगोटी."

"बोलण्यावरनंच वळाकलं! गारगोटीत कुणाचं?"

दोन मिनिटांत त्याचं नाव गणपती असल्याचं आणि त्याची आत्या कुरुंदवाडात आक्काच्या माहेरच्या गल्लीत दिल्याचं निघालं. त्याने स्वतःची खुर्ची आक्काला आणून दिली. ठिपक्यांचं विचारल्यावर म्हणाला, "आत्ता न्हाय दिसायचं. त्या दोन टॉवरच्या मदनं ऊन आलं की मग दिसतंय. धा-बारा मिनिटंच असतंय."

संयोगिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भिंत दक्षिणेकडे तोंड करून होती. मावळतीचं ऊन तिच्यावर समोरून पडत नव्हतं, घासून जात होतं. गिलाव्याचे खड्डे बघायला गवंडी भिंतीला लागून तिरका दिवा धरतो, तसलाच हा प्रकार. दुपारी पाहणाऱ्याला हे ठिपके जन्मात दिसले नसते.

सहा वाजून चौदा मिनिटांनी ऊन फटीतून आत आलं. सगळी भिंत पितळेसारखी पेटली आणि कोळ्यांच्या पायांवर बारीक काळ्या सावल्या उमटल्या. तीन ठिपके, तीन ठिपके, तीन ठिपके. संयोगिता डावीकडून उजवीकडे एकेक टिपत सरकली. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. शेवटचा फोटो निघाला आणि मिनिटाभरात भिंत पुन्हा राखाडी झाली.

कठड्यावर बसून तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठे करून मोजले. वहीत खुणा केल्या. पुन्हा मोजले.

"आक्का, सत्तेचाळीस आहेत. एकावर नाहीत. खालून दुसरी ओळ, दारापासून पाचवा."

आक्का खुर्चीत पुढे सरकली.  

"असंल. एक बद्द वाजलतं. मी बाजूला काडून तुज्याकडंच आणून दिलतं की गं."

संयोगिताला आठवलं. डिसेंबर होता, तिला लागून चारच महिने झाले होते. आक्का ओल्या फडक्यात गुंडाळलेला कोळी घेऊन आली होती. संयोगिताने मापं घेतली, कडकपणा तपासला, सगळे आकडे हद्दीत. तडे शोधायची रंगाची तपासणी करारानुसार दहातल्या एकाच नगाची व्हायची आणि त्या दिवसाचा नग होऊन गेला होता. "आक्का, कानाने नाही, आकड्यांनी ठरतं," असं ती म्हणाली होती. वर हसलीही होती. आक्का निमूट परत गेली होती आणि नग खोक्यात.

आता गंमत अशी, की तो नग दाखवला नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. ठिपके पुसून उद्या परत जाता आलं असतं. नाव घ्यायचंच झालं तर आक्काचं एकटीचं घ्यावं लागलं असतं. संयोगिताने वहीत पाचव्या खुणेभोवती गोल केला आणि गोलाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

सातला राजवीर आले. पस्तिशीचे, दोन्ही हातांत दोन फोन. "मॅडम, मला बाकी काही नको. उद्या ठिपके गेलेले हवेत."

"त्याआधी एक शिडी आणि अर्धा तास द्या," संयोगिता म्हणाली.

गणपतीने शिडी आणली. खाली वर्तमानपत्रं पसरली. संयोगिताने त्या कोळ्याचे पाय पुसून काढले आणि पिशवीतून आणलेलं, तड्यात मुरणारं लाल औषध फवारलं. मग दहा मिनिटं थांबायचं. राजवीर घड्याळ बघत होते, आक्का राजवीरना बघत होती.

"लगीन झालंय का तुमचं?" तिने विचारलं.

"हो."

"तरी म्हटलं, एवडी घाई कसली."

लाल रंग कोरड्या फडक्याने पुसून घेतला आणि वरून पांढरं औषध मारलं. खडूसारखा पातळ थर बसला. कोरा. एक मिनिट कोराच.   रेघ यावी असं वाटत होतं की येऊ नये, ते संयोगितालाच सांगता आलं नसतं.

मग एका पायाच्या कुशीत, जिथे तो मधल्या गाठीला मिळतो, तिथे पांढऱ्यावर गुलाबी काहीतरी फुटलं. लाल झालं. केसाएवढी बारीक, दोन बोटं लांब रेघ.

राजवीर आपण होऊन शिडी चढले, जवळून बघून उतरले. "गणपती, इथं दोरी लाव. खालून कुणाला जाऊ देऊ नको." मग संयोगिताकडे वळले. "एका पायाने काच खाली येणार नाही, पण हा उद्याच बदलायचा. आणि बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांवर ठिपके आहेत," संयोगिता म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. वाजवणं, पंच, काचेकडची बाजू, आणि डिसेंबरातलं स्वतःचं हसणंही. राजवीर ऐकत राहिले. "मला कागदावर पुरावा लागतो," ते शेवटी म्हणाले. "सगळे सत्तेचाळीस तपासून द्या. मग पॉलिश मारा. ठिपके राहू देणं माझ्या हातात नाही."

लॉबीतूनच तिने सयाजीदादांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आधी तड्याचं सांगितलं, मग तो नग आपण पास केल्याचं.

"आणि ठिपके?" पलीकडून आवाज आला.

"बयाआक्कांनी मारलेत. चांगल्या नगांवर."

"बयाआक्कानं? अगं, पण—"

आक्काने फोन ओढून घेतला. "सयाजी, तुज्या बानं मला हातोडी दिलीय! तू तवा चड्डीत हुतास. वाजवून बग म्हणालता त्यो. खूण कर म्हणालता. पुढच्यानं काच लावली त्यात माजा काय गुन्हा?"

लॉबीत सगळीकडे आवाज घुमला. लिफ्टपाशी उभी असलेली दोन माणसं थांबली. 

"आक्का, बाच्या वेळंला भट्टी कोळशाची हुती. आता गिऱ्हाईक कागद मागतंय," दादा म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "सोमवारी वीस नग मांडतो. कान खरा निघाला तर बघू. न्हाय निघाला, तर मी शब्द दिलाय तो दिलाय."

शुक्रवारी राजवीरनी लॉबीचा तो भाग बंद ठेवला, रात्रीच्या गाडीने आलेला नवा कोळी चिरलेल्याच्या जागी बसवून घेतला, आणि दिवसभरात दोघींनी सत्तेचाळीस कोळी तपासले. एकावरही रेघ आली नाही. मग आक्काने ग्राइंडरला मऊ चाक लावलं आणि शिडीवरून काचेमागच्या फटीत हात घालत आपले ठिपके एकेक करत घालवले. संयोगिता खालून बघत होती.

"वाईट वाटतंय का, आक्का?"

"कशाचं? वाजल्यात न्हवं चांगलं? बास की." थोडं थांबून ती म्हणाली, "सोमवारचं तेवडं मनात हाय. कान आता साटीचा झालाय गं."

सोमवारी घासाई विभागात कामाला कुणाचा हात लागेना. सगळ्या बायका कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकल्या होत्या. "ह्यो आपला कोळी?" "अगं, ह्यात तर माणसं दिसायली मुंगीएवडी!" पाळण्यासमोरची आक्का बघून तर एकच हशा पिकला. दादा आले तसा कॅमेरा पदराखाली गेला.

संयोगिताने रविवारीच येऊन वीस नग रंगाने तपासले होते. सहांना तडे होते. कुठल्या सहांना, ते फक्त तिच्या वहीत होतं, आणि वही दादांच्या खिशात. आक्काला आपल्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तपासणीचा नियमच तसा, असं तिने दादांना आधी समजावलं होतं.

टिंग. टिंग. टिंग. भट्टीचा पंखा बंद केलेला, त्यामुळे प्रत्येक आवाज स्वच्छ येत होता. मध्येच एक ठक्. मग पुन्हा टिंग. संयोगिता भिंतीकडे बघून मनात मोजत होती. ठक् चार झाले. पाच झाले. पुढे नुसतेच टिंग. एका नगापाशी आक्का फार वेळ रेंगाळली. पुन्हा पुन्हा वाजवलं.

"झालं," आक्का म्हणाली.

संयोगिता वळली. बाकावर दोन नाही, तीन गठ्ठे होते. एकात चौदा, एकात पाच आणि एक नग वेगळाच.

"ह्ये चांगलं, ह्ये चिरलेलं," आक्काने दाखवलं.

"आणि हा?" दादांनी विचारलं.

"त्याचं मला ठाऊक न्हाय."

"ठाऊक न्हाय म्हंजे? एक काहीतरी सांग."

"वाजतोय चांगला, पर लवकर मरतोय आवाज. खोटं कशाला सांगू? न्हाय ठाऊक."

दादांनी वही काढली, नंबर ताडून पाहिले. पाचही बरोबर. चौदाही बरोबर. सहावा तडा त्या एकट्या नगात होता.

दादा वहीकडे आणि नगाकडे आळीपाळीने बघत राहिले. संयोगिताचं लक्ष मात्र अजून त्या तिसऱ्या गठ्ठ्यावर होतं. पाच वर्षांच्या कॉलेजात तिला शिकवलं होतं, की मोजमापाबरोबर चूक किती असू शकते तेही लिहायचं असतं. डिसेंबरात तिने मात्र 'पास' एवढंच लिहिलं होतं.

"उद्यापासनं हातोडी लॅबमध्ये," दादा शेवटी म्हणाले. "आधी आक्का, मग मशीन. ठिपके फक्त मागच्या, खांबाकडच्या बाजूला, आणि आधी नकाशा बघून. ती बाजू खरंच झाकती का, ते हिला विचारायचं." मग संयोगिताकडे बोट करून, "आणि तू, आक्कानं आणलेला नग परत पाठवलास तर तू गेटच्या भाईर."

"व्हय दादा," दोघी एकदम म्हणाल्या.

संयोगिताने वही परत घेतली, नवं पान काढलं आणि पट्टीने रकाने आखले. चांगला. चिरलेला. मग तिसरा रकाना आखून वर लिहिलं: ठाऊक नाही. आक्काने वाकून पाहिलं.

"त्यो रकाना जरा मोटा ठेव," ती म्हणाली. "माजा कान काय दिवसेंदिवस तरणा होत न्हाय."